दोऱ्यावरचं माप

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्या दिवशी संस्कृतीला सुरुवात झाली. पस्तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी ज्या पुस्तकांवर नंबर टाकले, त्यांतली बरीचशी हेच सांगतात, फक्त त्यांची जाडी वेगवेगळी असते. उभं राहिल्यावर पायात काय घालायचं आणि ते कुणी ठरवायचं, याबद्दल मात्र एकही पुस्तक काही बोलत नाही. आमच्या नातवापुरतं ते विहीणबाईंनी ठरवलं.

माझी मुलगी लासुर्ण्यात दिली आहे. तिचा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा डावा पाय घोट्यातून आत वळलेला होता. तळवा वर आलेला आणि बोटं दुसऱ्या पायाकडे बघत असलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत तो हळूहळू सरळ केला. शेवटचं प्लास्टर काढलं त्या दिवशी त्यांनी एक वस्तू हातात दिली. दोन इवलेसे बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी. पाय सरळ करणं अवघड नाही, सरळ ठेवणं अवघड आहे, असं ते म्हणाले. पहिले तीन महिने हे बूट दिवसरात्र घालायचे, त्यानंतर मूल चार वर्षांचं होईपर्यंत रोज झोपताना. घातले नाहीत तर पाय जिथून आला तिथं परत जाईल. हे शेवटचं वाक्य त्यांनी सावकाश आणि दोनदा सांगितलं. मी, मुलगी, जावई आणि विहीणबाई, असे चौघंही खोलीत होतो. कुणाला ऐकू आलं नाही, असं म्हणायला जागा नाही.

पोरगं दीड वर्षाचं होऊन चालायला लागलं, तेव्हा व्याह्यांनी जावळ काढायचं ठरवलं. पहिलं जावळ म्हणजे घरातल्या घरात, मामाच्या मांडीवर बसवून, पाच-पंचवीस माणसांत उरकण्याची गोष्ट. पण व्याही कारखान्याचे सभासद, गावात वजन असलेले, आणि घरात हा पहिला नातू. त्यामुळे मांडव आला, जेवणावळ आली, आणि गावात शिरताना रस्त्याच्या कडेला फ्लेक्स आला. फ्लेक्सवर नातू गॉगल लावून, कमरेवर हात ठेवून उभा होता. चेहरा त्याचाच होता. कमरेखालचा भाग दुसऱ्या कुठल्या तरी मुलाचा होता, आणि त्या मुलाचे दोन्ही पाय उत्तम होते.

जावळाला कपडे आणि बूट आजोळचे. या रिवाजाबद्दल माझी तक्रार नव्हती. उलट मला वाटलं, बरं झालं, पोराला तसेही बाहेर घालायला नीट बूट हवेतच. त्यांच्या दारात ट्रॅक्टरनं उकरलेली खडी, गोठ्याकडचा चिखल, आणि पलीकडे नुकताच तुटून गेलेला ऊस. तुटलेल्या उसाचे बुडखे खिळ्यासारखे उभे असतात. त्यात अनवाणी पोर सोडायचं म्हणजे एकानं सतत मागं पळायचं. चांगल्या तळव्याचे, घोट्याला धरणारे, पुढं बोटांना जागा असलेले बूट घ्यायचे, एवढं माझ्या मनात पक्कं होतं. मी त्यावर थोडं वाचलंही होतं. वाचणं हा माझा जुना आजार आहे.

माप घ्यायला म्हणून एका रविवारी मी लासुर्ण्याला गेलो. पोराला बारामतीला दुकानातच घेऊन जाऊ, असं मी सुचवून पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, जावळाआधी बाजारात न्यायचं न्हाय, नजर लागती. मग त्यांनीच कपाटातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं, पोराला मांडीवर घेतलं, उजव्या पायाच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरला, तिथं गाठ मारली आणि तोडून माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, डाव्याचंही घ्या.

"एकाच पायाचं घेत्यात, पाव्हणं. दोन्हीचं घेतलं का वाढ खुंटती."

अशी समजूत मी कधी ऐकली नव्हती आणि कुठं वाचलीही नव्हती. माझा अंदाज असा की ती त्याच क्षणी तयार झाली. वळलेला पाय दुरुस्त झाला तरी तो दुसऱ्याच्या बरोबरीला येत नाही, थोडा लहानच राहतो. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. फक्त ते दोऱ्यावर मोजून गाठ मारून कुणाच्या हातात जायला नको होतं. मी दोरा घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

त्याच खोलीत कपाटावर एक वेताची टोपली होती. पाहुण्यांना द्यायची ब्लाउजपीसं त्यात रचलेली होती. मुलगी ती टोपली खाली काढत असताना ब्लाउजपिसांच्या खाली मला दांडी दिसली. दांडीला ते दोन बूटही होते, आणि त्यांवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. बाहेर उसाची बैलगाडी चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी ती फार लक्ष देऊन पाहिली.

मुलीच्या घरी बाप पाहुणा असतो. वाढलेलं खातो, विचारलेलं सांगतो, आणि निघताना सगळं छान आहे म्हणतो. जगातल्या बहुतेक रिवाजांची मी आयुष्यभर थट्टा केली. हा एक मात्र त्या दिवशी काटेकोर पाळला.

आमच्या बारामतीत पेठेतल्या एका जुन्या दुकानातून आम्ही सगळे बूट-चपला घेतो. मालक मुसलमान आहेत, साठीच्या पुढचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. मी चष्म्याच्या डबीतून दोरा काढून काउंटरवर ठेवला.

त्यांनी दोरा उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला.

"सर, बूट दोऱ्याला घालायचाय का पोराला?"

मी सांगितलं, पोर लासुर्ण्यात आहे.

"लासुर्णं काय दुबईत हाय? आणा की. हे माप बसल्या पायाचं हाय का उभ्या?"

मी म्हणालो, मांडीवर घेतलं होतं.

"मग हे मापच न्हाय. उभं ऱ्हायल्यावर पाय पसरतो. अन् दुसरा पाय कुठंय?"

हा प्रश्न त्यांनी धंद्याच्या सवयीनं विचारला. ते म्हणाले, कुणाचेच दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं असतं, पण धाकटा किती धाकटा हेही माहीत पाहिजे. माझ्यापुढं सरळ उत्तर होतं. पण डाव्या पायाची गोष्ट गावात कुठं बोलू नका, असं मुलीनं मला फार आधी सांगितलं होतं, आणि पेठेतलं दुकान म्हणजे गावच. मी म्हणालो, दोन्ही सारखेच आहेत.

त्यांनी मला चार-पाच जोड दाखवले. चालताना चूं चूं वाजणारे, लाल दिवे लागणारे, कार्टूनचे. मी ते बाजूला सारले. मग त्यांनी आतून घोट्यापर्यंत येणारे, नाडीचे, तपकिरी बूट आणले. हातात धरून मधोमध वाकवून पाहिले, ते वाकले नाहीत. बूट बोटांपाशी वाकला पाहिजे, मधे वाकला तर तो खेळण्यातला, असं म्हणाले. टाच अंगठ्यानं दाबून दाखवली, ती दबली नाही. मला फार समाधान वाटलं. मी वाचलेलं सगळं त्या बुटात होतं. दोऱ्यापेक्षा बोटभर जास्त धरून पाच नंबर घेतला. निघताना ते म्हणाले, घातल्यावर एकदा पोराला आणा, मी बघतो. मी हो म्हणालो.

जावळ थाटात झालं. माझा मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं भाच्याला मांडीवर घेतलं आणि पहिली बट कापली गेली. पोर रडलं, वाजंत्री वाजली. मग टक्कल झालेल्या पोराला आंघोळ घालून, टोपी-कपडे-बूट चढवून मांडवाच्या तोंडाशी आणलं. तिथून सतरंजीवरून बारा-पंधरा पावलं चालत त्यानं त्या आजोबांपर्यंत, म्हणजे व्याह्यांपर्यंत, जायचं होतं. व्याह्यांनी हे आधीच जाहीर केलं होतं. माइकवर सांगणाराही होता, आणि तो क्रिकेटचा सामना सांगावा तसं सांगत होता.

मुलीनं डाव्या बुटाच्या पुढच्या भागात कापूस कोंबला आणि नाडी दोनदा आवळली. पोर चाललं. थोडं डावीकडं कलत, हात पसरून, पण चाललं. माझ्या शेजारी बसलेल्या काटेवाडीच्या एक म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "काय बी म्हणत व्हतं लोक. चांगलं ताठ हाय की." विहीणबाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांचा राग करणं सोपं आहे, मीही केलेला आहे. पण दीड वर्ष दारात येणाऱ्या प्रत्येक बाईनं आधी पोराच्या पायाकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि एकीनं तर दांडी बघून, बेड्या कशापायी घातल्यात, असं विचारलं होतं. दांडी टोपलीत गेली ती त्यानंतर, हे मला पुढं कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी बूट काढला तेव्हा डावी टाच सोललेली होती. घरच्यांच्या मते बूट नवा होता म्हणून.

बूट पोराला आवडले आणि पोर रोज ते घालून बाहेर पडायला लागलं. महिन्यानं मुलगी माहेरपणाला आली तेव्हा मी पोराला आणि बुटांना घेऊन पेठेत गेलो. डावा फार मोठा होतोय, कापूस किती दिवस कोंबायचा, तेव्हा त्याला एक नंबर कमी बघू, एवढाच माझा हेतू होता. खरं सांगून टाकायचं असंही मी ठरवलं होतं, पण ती वेळच आली नाही. चाचांनी पोराला काउंटरवर उभं केलं नाही की मापाची पट्टी काढली नाही. त्यांनी दोन्ही बूट उलटे केले.

उजव्याचा तळ सगळीकडून सारखा मळला होता. डाव्याची बाहेरची कड घासून गुळगुळीत झाली होती. आतल्या बाजूची नक्षी दुकानातून आणली तशीच होती.

"सर, हे पोर पायाच्या कडंवर चालतंय."

मी घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"नंबर बदलून द्याचा का? देतो. पण बुटानं व्हणारं काम न्हाय हे. डॉक्टरला दाखवा. या आठवड्यातच दाखवा."

मग त्यांनी चार नंबरचा एक जोड काढला, त्यातला डावा आणि जुन्यातला उजवा पोराच्या पायात घातला, आणि उरलेले दोन पिशवीत भरून दिले. एकेकटा बूट ते विकत नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी येताना दांडीचे बूट बरोबर आणायला सांगितलं होतं. ते मुलीनं पुसून, स्वच्छ करून आणले. डॉक्टरांनी पायाआधी तेच हातात घेतले. रोज घालता का, त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, घालतो. डॉक्टरांनी पट्ट्या उलगडल्या. प्रत्येक पट्टीचं एकच भोक वापरलेलं होतं, शेवटून पहिलं, तान्ह्या पोराचं. बाकीची भोकं कोरी होती. ते रागावले नाहीत. बूट टेबलावर ठेवून म्हणाले, हे त्याला सहा-सात महिन्यांपासून होतच नसणार. मग पाय हातात घेऊन बाहेर वळवायला गेले आणि तो एका ठिकाणी येऊन थांबला. पुन्हा प्लास्टर, कदाचित पुन्हा छोटं ऑपरेशन, आणि पुन्हा दांडी, या वेळी मोठ्या मापाची. पाय पूर्ण सरळ होईलच असं आता सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी एकदाच सांगितलं.

परतीच्या वाटेवर पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. भिगवण मागं टाकल्यावर मुलगी म्हणाली,

"नाना, त्या दिवशी टोपलीत तुम्ही बघितलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाही? मला वाटलं, तुम्ही बोलाल. तुमचं त्या ऐकतात."

"मला वाटलं, तू बोलशील."

मी पुढं काहीतरी जोडू पाहत होतो. मुलीचा बाप, पाहुणा, जावळाचे दिवस, असं बरंच होतं माझ्याकडे. तोंडापर्यंत आलेलं ते सगळं फार नीट मांडलेलं होतं, म्हणूनच मी गप्प बसलो.

नव्या मोठ्या दांडीचे बूट विहीणबाईंनी स्वतःहून मोजून आणायला सांगितले आहेत. दोन्ही पायांचं माप घ्या, असंही म्हणाल्या. ती वेळ यायला अजून प्लास्टरचे काही आठवडे जायचे आहेत. तोवर पोर उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात मांडीपर्यंत प्लास्टर, असं भिंत धरून अंगणात फिरतं. आमच्याकडे त्याचे दोन जोड आहेत. चारपैकी एक बूट वापरात आहे, पाच नंबरचा, आणि तोही आता अंगठ्याला लागायला लागला आहे.