कपाटातली ब्रोकोली

आयुष्यभर बस चालवली म्हणून सगळी गल्ली तिला ड्रायव्हरताईच म्हणायची. ती निवृत्त झाली, नाव काही झालं नाही. परसात पाणी घालताना चिखलात पाय घसरला आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती काठी टेकत घरी आली, तर परस गायब! मागच्या दारापासून कुंपणापर्यंत नुसती राखाडी फरशी.

"कोणी केलं हे?"

"मी," वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा भाऊ म्हणाला. साठी उलटली, टक्कल पडलं, तरी तिच्यासाठी तो बाळच. "ताई, पुन्हा पडलीस तर? डॉक्टर म्हणालेत, आता वाकायचं नाही. खिडकीत एखादी कुंडी ठेव."

त्याच्या मायेत खोट नव्हती, हीच तर पंचाईत होती. परका असता तर तिने चार शब्द सुनावले असते. ती काठी टेकत आत गेली.

जरा हिंडू-फिरू लागल्यावर ती टॅक्सी करून रोपवाटिकेत गेली. तिथल्या माळ्याने काठीकडे बघून पुदिना पुढे केला. "हा न्या. आपला आपण वाढतो."

"आणि ते निळसर पानांचं?"

"ब्रोकोली. नको ताई, तिचे लाड फार. ऊन वाढलं की रुसते, अळ्या पडतात. तुम्हाला नाही झेपायचं."

"तीच द्या," ती म्हणाली.

घरी सुताराला बोलावून तिने जुनं लाकडी कपाट परसात आडवं टाकून घेतलं. त्याची दारं काढली, तळाला भोकं पाडली, खाली विटा रचून ते कमरेएवढं उंच केलं. कपड्यांच्या जागी माती आणि शेणखत.

"वाकायचं नाही म्हणालास ना? नाही वाकत."

"अगं, कपाटात भाजी! लोक हसतील."

"हसू देत. मी बस हातात घेतली तेव्हाही हसले होते. मग त्याच बसमध्ये मुकाट्याने बसून गेले."

पांढरी फुलपाखरं आली, पानांखाली अंडी घालून गेली. अळ्या निघाल्या, पानांची चाळण झाली. ड्रायव्हरताई काठी कपाटाला अडकवून उभी राहायची, एकेक अळी वेचायची. रोपांवर तिने मच्छरदाणी ताणली. व्यायामाचं नाव काढलं की जिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ती आता तासन् तास पायांवर उभी असायची.

मधोमध हिरवे गड्डे धरले. आणखी थोडे भरू देत म्हणून ती थांबली, आणि नेमकं ऊन तापलं. कळ्या फुटल्या, गड्डे पिवळे पडले.

"झालं समाधान?" बाळ म्हणाला. "उपटून टाक आता."

त्या दिवशी तिला रडू आलं. ते लपवायला ती कांदा चिरत बसली. दुसऱ्या दिवशी तिने पिवळे गड्डे फुलांसकट कापले, लसणावर परतले आणि बाळपुढे ताटली आपटली. "खा. फुललीय, मेली नाहीये."

रोपं तिने उपटली नाहीत. वर जुना पडदा बांधून सावली केली. हवा थंडावली तसे पानांच्या बेचक्यांतून अंगठ्याएवढे नवे तुरे आले. कापावे तितके पुन्हा येऊ लागले. बाळची बायको रोज खाली येऊन मूठभर घेऊन जायची, नवऱ्याला न सांगता.

मग ड्रायव्हरताईने फरशी उखडायला गवंडी बोलावला. पहारीचा आवाज ऐकून बाळ धावत खाली आला.

"ताई, कडेची एक ओळ तरी ठेव. पाय टेकायला."

तिने जरा विचार केला. "ती राहू दे. पण माझ्या परसाला हात लावायचा तर आधी मला विचारायचं."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग विचारून उपयोग काय?"

"विचारून बघ तरी एकदा," ती म्हणाली आणि गवंड्याकडे वळली, "हं, चालू द्या तुमचं."