दुःखाच्या घरी जाणारी किटली

आमच्या हॉटेलाला पाटी नाही. कधीच नव्हती. लोणारची एसटी फाट्यावर थांबते, कंडक्टर उतरून थेट आत येतो आणि बाकड्यावर बसतो. त्याला कुठे पाटी लागते? आमच्या हॉटेलाला दारसुद्धा नाही, रात्री नुसती बांबूची तट्टी आडवी लावतो. पाटी आहे समोरच्या हॉटेलाला. तिथे पंखे आहेत, लाल खुर्च्या आहेत, फ्रीज आहे, गॅस आहे, शटर आहे. असू द्या की! गावात नुसतं ‘हॉटेलात जाऊन येतो’ म्हटलं की माणूस आमच्याकडेच येतो.

हे हॉटेल माझ्या सासऱ्यांनी काढलं. चार बल्ल्या, वर तुराट्यांचं छप्पर, मातीची भट्टी आणि एक पितळी किटली, एवढ्यावर. तेव्हा फाट्यावर दुसरं काहीच नव्हतं म्हणे. हे सांगताना ते छाती अशी फुगवायचे, की फाटाही त्यांनीच काढला असावा. मी सून म्हणून आले तोवर पत्रे आले होते. आलूबोंड्याचा मसाला मी घरी वाटायचे, वर ओतायची झणझणीत तर्री मात्र ते स्वतः करायचे. तिला दुसऱ्या कोणाचा हात लागला की त्यांचं डोकं फिरायचं.

पण आमच्या हॉटेलाचा खरा मान तर्रीचा नाही, किटलीचा. गावात कोणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. भाकरी भाऊबंद आणतात. पण मातीला गेलेली माणसं परत आली की त्यांना पहिला चहा जातो तो आमच्या भट्टीवरचा. कोरा, गुळाचा, सुंठ टाकलेला. सासरे स्वतः किटली घेऊन जायचे. घर कोणत्या आळीतलं, माणूस कोणत्या जातीचा, आपल्याशी बोलतो का नाही, काही पाहायचे नाहीत. पैशाचं नाव कोणी काढलं तर त्याची खैर नसायची. “हॉटेल धंद्यासाठी हाय, किटली गावासाठी हाय,” असं सुनावायचे.

समोरचं हॉटेल काढलं ते त्यांच्याच लहानपणच्या जोडीदाराने. शटर वर गेलं त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बोलणं बंद, टोमणे सुरू! तो आपल्या गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, “बसा बे इथं, तिकडचा पाणचट चहा काऊन पेता?” आणि सासरे कढईवर झारा आपटत मला सांगायचे, “पाह्य पोरी, कसा वरडून राह्यला. गिऱ्हाईक नसलं का घसा चालते त्याचा.”

त्याची आई गेली तेव्हा सगळ्या गावाचे डोळे किटलीकडे. मी हळूच विचारलं, “बाबा, दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू का?”

“काऊन? माह्ये पाय मोडले का?” म्हणाले, आणि निघाले.

त्यांनी स्वतः त्याच्या हातात कप दिला. भिंतीकडे तोंड करून तो चहा प्यायला. तेरवी झाली आणि पाणचट पुन्हा सुरू!

मागच्या वर्षी सासरे खाटेला खिळले. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, “पोरी, मी गेलो त किटली कोण नेईन?”

“असं अभद्र काय बोलता, बाबा!”

“अभद्र कायचं? आपली चूल बंद म्हंजे भट्टी बी बंद. ते बी आपल्याच घरची आग होय. या गावात बिनचहाची माती कोणाचीच नाही झाली. मंग माहीच होईन का?”

हसत म्हणाले, पण मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. सुतकात आम्ही भट्टीला हात लावू शकत नाही, आणि नाही लावला तर त्यांनी जन्मभर सांभाळलेला मान त्यांच्याच दारात जातो. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

पोळ्याच्या तोंडावर ते गेले. मातीला सगळं गाव लोटलं. बाया रडत होत्या, मी ओसरीत कोरडी बसले होते, आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात ती किटलीच होती. माणसं परत आली, लिंबाचा पाला चावून अंगणात बसली. माझा नवरा मान खाली घालून बसला होता.

तेवढ्यात फाटकातून तो समोरचा हॉटेलवाला आत आला. सदरा घामाने चिंब, धुराने डोळे लाल, आणि हातात आमची किटली. आपलं शटर खाली ओढून, आमची तट्टी सरकवून, कपाशीच्या पऱ्हाट्या लावून त्याने आमची भट्टी पेटवली होती. कोणीतरी म्हणालं, “तुमच्याकडं गॅस हाय नं, तिथंच करायचा व्हता.”

तो खेकसला, “दुःखाचा चहा त्याच भट्टीवरून जाते! माह्या मायच्या टायमाले तिथूनच आला होता. आज नवा रिवाज काढू का बे?”

त्याने एकेकाला कप दिला. सासूबाईंना दिला, मग माझ्यापुढे धरला. कोरा, गुळाचा, सुंठ अगदी बेताची. पहिल्या घोटालाच दिवसभर अडलेलं रडू फुटलं. बाबा गेले म्हणून रडले, आणि असं माणूस आपल्या घरचं होतं म्हणूनही रडले.

पदराने डोळे पुसून मी म्हटलं, “काका, पाणचट झाला.”

तो किटली धरूनच मटकन खाली बसला. “होईनच नं, माय,” म्हणाला. “त्याच्यावाणीच केला म्या.”