मामांच्या कोंबड्यांचं सर्व्हिसिंग

कोंबडीला उलटी धरून तिच्या शेपटीखाली फुंकर मारणारा माणूस अख्ख्या मंडणगड तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि कातडीवर पळणाऱ्या उवा दिसतात, हे त्यामागचं शास्त्र. मामा जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पण खालून वाकून बघायची खोड सुटली नाही, आणि घरच्या चौदा कोंबड्या त्यांच्या तावडीत सापडल्या. दर रविवारी सर्व्हिसिंग. प्रत्येकीचा पंख उचलून टॉर्च मारायचा, ढोरांच्या डॉक्टरांनी दिलेली पावडर पिसांच्या मुळाशी चोळायची, पायांवर खवले उठले असतील तर ते कोमट पाण्यात भिजवून करंजाचं तेल लावायचं. याला ते ग्रीसिंग म्हणत. मग कोंबड्या बाहेर काढून खुराड्याच्या फळ्यांवर ब्लोलॅम्प फिरवायचा. "तांबडा किडा दिवसा फटीत ऱ्हातो नि रात्री रगत पितो. कोंबडी धुवून काय व्हतंय? त्याचं बिऱ्हाडच जाळाया हवं." एकदा त्यात खुराड्याचं दार जळालं. "दारात पण व्हते," एवढंच मामा म्हणाले.

या सगळ्याची झळ मला पोचली ती जेवणात. भाचजावई आला की कोकणात कोंबडी-वडे होतात अशी माझी समजूत होती. पण मी जाईन तेव्हा मामा हात जोडायचे. "औषध चालू हाय, जावईबापू. आता पंधरा दिवस अंडं नाय नि कोंबडी नाय." आणि पानात कुळथाची पिठी पडायची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी औषध चालूच होतं.

मामी याला हसायच्या. त्यांचा स्वतःचा इलाज एकच. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना पेंढ्याखाली निरगुडीचा पाला घालायचा आणि दर चार दिवसांनी बदलायचा. मामा म्हणायचे, "पाल्यानं काम झालं असतं तर आमी डेपोत टहाळे घेऊन उभे ऱ्हायलो असतो." त्यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजायचं. मागच्या वर्षी मामी गेल्या. माहेरून त्यांनी डालग्यातून आणलेल्या कोंबड्यांच्या वेलावरची एकच तांबडी उरली. यंदा ती खुडूक झाली तेव्हा मामांनी स्वतः तिला खोक्यात पेंढा घालून नऊ अंड्यांवर बसवलं. पाल्याशिवाय, हे सांगायला नकोच.

बाराव्या दिवशी मी तिथेच होतो. सकाळी बघतो तर तांबडी खोक्याबाहेर उभी, तुरा पांढरा पडलेला, आणि काही केल्या आत जाईना. मामांनी पेंढ्यात हात घातला. कोपरापर्यंत बारीक तांबडे किडे चढले. तेरा कोंबड्यांचं सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालं होतं. हिला मात्र त्यांनी बोट लावलं नव्हतं. "चालू इंजनाला हात लावत नाय कोन," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

अंडी निवत होती. मामांनी ती पुसून उन्हात तापलेल्या मामींच्या गोधडीत गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हलू नका." मी हललो नाही. त्यांनी पेंढ्यासकट खोका जाळला, तांबडीला पंखांखाली पावडर चोळली, नवं डालगं आणून त्यात कोरडा पेंढा भरला. मग जरा थांबले आणि घरामागे गेले. परत आले तेव्हा हातात निरगुडीचा टहाळा होता. त्यांनी तो पेंढ्याखाली पसरला. मी गोधडीकडे बघत एकेक अंडं त्यांच्या हातात देत राहिलो. तांबडी डालग्याभोवती दोनदा फिरली, आणि आत जाऊन बसली.

नऊ दिवसांनी फोन आला. "पाच निघाली. बाकीची गेली." मग म्हणाले, "पाला दोनदा बदलला. तिनं सांगितलंन व्हतं."

परवा पुन्हा गेलो. तांबडी पिल्लं घेऊन चुलीच्या राखेत लोळत होती. मामा म्हणाले, "औषध बंद होऊन म्हयना झाला, जावईबापू. यातली कुठची कापू ती सांगा." सहा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. पण विचारताना त्यांचा हात तांबडीच्या पाठीवर होता.

म्हटलं, "मामा, पिठीच करा. आता तीच आवडायला लागलीय."

त्यांनी मान डोलावली आणि निरगुडी आणायला घरामागे गेले. आता चौदाही कोंबड्यांच्या खाली ते पाला घालतात. हे बघायला मामी हव्या होत्या.