हजेरीची सही

"हात दाखव," मॅडम म्हणाल्या.

मी दाखवले.

"उलटे कर. नखं बघू दे."

उलटे केले. माझं वय त्रेचाळीस. लग्नाला आलेली पोरगी आहे मला. आणि कुरकुंभच्या माझ्या पाळणाघरात, भर सकाळी, अकरा पोरांच्या समोर मी शाळेतल्या पोरीसारखी हात पुढं करून उभी होते. मॅडमनी माझ्या हाताला हात लावला नाही. पेनाच्या टोकानं एक बोट जरा वर उचललं, नखाखाली बघितलं, मग पेन रुमालानं पुसून पर्समध्ये टाकलं. मागं सरकारी साहेब फाईल धरून उभे होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

पोरांना वाटलं, खेळ चाललाय. दोन वर्षांची गुड्डी पुढं आली आणि तिनंही हात पुढं केले. मग तिचं बघून बाकीच्यांनी. मॅडम दोन पावलं मागं सरकल्या.

"अगं, यांना आवर," म्हणाल्या.

पाळणाघर सुरू करायचे आणि चालवायचे नियम सरकार नव्यानं तपासतंय, त्यासाठी एक समिती फिरतेय, एवढं मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. साहेब त्या समितीचे. मॅडम समितीवरच्या जाणकार. त्यांची स्वतःची मोठी इंग्रजी बालवाडी आहे. तिथं येणाऱ्या लेकरांच्या बुटांनाही नाव घातलेलं असतं म्हणे.

बाहेर नळापाशी दोरीवर जुने गाऊन आणि साड्या टांगलेल्या होत्या. मॅडमनी तिकडं बघितलं.

"हे काय? लोकांची धुणी पण घेतेस का?"

"न्हाई मॅडम, ती पोरांच्या आयांची कापडं हायती. त्या कंपनीतून आल्या की..."

"विचारलं तेवढंच सांग."

मग त्यांनी आडनाव विचारलं. आडनावावरून काही कळेना, तेव्हा मूळ गाव विचारलं. मी म्हणाले, यवतच्या पलीकडं. मग विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला? हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आमच्याकडं शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळतं.

"ओढ्याच्या खाली, मॅडम. आमची वस्ती तिथंच हाय."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. तहान नाही म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"आणि या मुलांना तूच भरवतेस? स्वतःच्या हातानं?"

"व्हय."

"आयांना माहीत आहे?"

काय माहीत आहे, ते त्या बोलल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. दार मीच लावून दिलं.

त्या दिवशी मला राग आला नाही. हे सांगताना आज जीव जातो, पण खरं तेच सांगायचं ठरवलंय. मला लाज वाटली, आणि तीही माझ्याच नखांची. सकाळी पोरांच्या खिचडीत घालायला मेथी निवडली होती, तिचा रंग नखांत बसला होता. पोरं झोपल्यावर मी नळावर बसून भांड्याच्या घासणीनं बोटं घासत राहिले. एका बोटातून रक्त आलं तेव्हा थांबले.

हे पाळणाघर मी हौस म्हणून काढलेलं नाही. नऊ वर्षं मी इथल्याच एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं पॅकिंगला होते. पहिली पाळी सकाळी सातला. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. पोरगी दीड वर्षाची. शेजारीण दोन दिवस सांभाळायची, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवायची. मग मी पोरीच्या पायाला जुन्या साडीची पट्टी बांधायचे आणि दुसरं टोक पलंगाच्या पायाला. हाताशी पाणी, बिस्किटं. दाराला बाहेरून कडी. माझी पोरगी मी जनावरासारखी बांधून ठेवत होते. तीन वाजता सुटले की पळत यायचे. ती रडून रडून घाणीतच झोपलेली असायची. घोट्याला कातडं सोललेलं. मी तशीच तिला उचलून छातीशी धरायचे, अंगावर कंपनीतली पावडर असायची. महिन्याभरात पोरीच्या गालाला, मानेला चट्टे उठले. डॉक्टरनं विचारलं, घरात काय वापरता? मला तेव्हाही कळलं नाही. कळायला आणखी वर्ष गेलं.

म्हणून माझ्याकडं एकच कडक नियम. पाळी सुटून आलेल्या आईनं आधी नळावर हातपाय, तोंड धुवायचं, अंगावरची कंपनीची कापडं उतरवायची, दोरीवरचं आपलं ठेवलेलं घालायचं, आणि मगच लेकराला उचलायचं. पोर कितीही रडू दे. पहिल्यांदा बाया चिडल्या. सुनीता, म्हणजे गुड्डीची आई, मला म्हणाली होती, "ताई, माझंच लेकरू आन् मलाच शिवू दीना व्हय?" आता तीच नव्या बायांना दरडावते. त्या दोरीवरची धुणी ती हीच.

सरकार नियम करणार म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. नियम नकोत असं मी कधी म्हटलं नाही. हा एक नियम कागदावर यावा, कारखान्यांच्या भागात तरी यावा, एवढंच मला सांगायचं होतं. मॅडमनी ऐकलं नाही, तर समितीनं सगळ्या पाळणाघरवाल्यांची मिटिंग ठेवली होती, तिथं सांगू म्हटलं.

मिटिंग शिरूरला एका मंगल कार्यालयात होती. मी चौफुल्याला उतरले, तिथून न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली. दारातच टेबल. त्यावर रजिस्टर. सही करा, नाष्ट्याचा पुडा घ्या, आत बसा. मी सही केली.

इथं माझी चूक झाली. पण ती चूक मी जन्मभर केलीय, आमच्या सगळ्यांनीच केलीय. ग्रामसभा असो, बचत गट असो, आधी सही घेतात आणि वर काय ते मागून लिहितात. आम्हाला सही म्हणजे 'मी आले होते' एवढंच माहीत. नवरा अंगठा उठवतो तिथं मी सही करते याचाच मला केवढा अभिमान. मी नाव चांगलं ठसठशीत, पूर्ण लिहिलं.

आत मॅडम माईकवर होत्या. पाहणीत काय काय दिसलं ते सांगत होत्या.

"एका ठिकाणी तर पाळणाघराच्या दारातच धुणी वाळत होती," म्हणाल्या. "आपण जेवणाआधी मुलांची नखं बघतो ना? तिथं सांभाळणाऱ्या बाईंचीच बघायची वेळ आली."

हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या, इस्त्रीच्या साड्यांतल्या बाया टाळ्या वाजवून हसल्या.

मी पण हसले.

नखं बघितली तेव्हा मी नुसती उभी होते. इथं मी हसले. माझं नाव घेतलं नव्हतं, कुणाला कळू नये म्हणून हसले. शेजारची बाई माझ्याकडं बघत होती म्हणून जरा जास्तच हसले. मग दोनदा हात वर केला. साहेबांनी बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली. तिसऱ्यांदा उभीच राहिले, तेव्हा म्हणाले, "सूचना लेखी द्या." माझ्याकडं लेखी काही नव्हतं. सगळं तोंडपाठ होतं.

येताना एसटीत मी तो पुडा उघडून समोसा खाल्ला. भूक लागली होती.

पुढं महिन्याभरानं खोलीचे मालक आप्पा दुपारी आले. हातात मोबाईल. कुणीतरी त्यांना समितीचा अहवाल पाठवला होता. त्यातलं एक कलम त्यांनी मला वाचायला लावलं. 'संचालिका व मदतनीस यांची सामाजिक पार्श्वभूमी पडताळून पाहावी व पालकांना त्याची पूर्वकल्पना द्यावी.' शेवटी लिहिलं होतं, 'उपस्थित सर्व पाळणाघर चालकांनी वरील शिफारशींना एकमताने संमती दिली. स्वाक्षऱ्या सोबत जोडल्या आहेत.'

"खाली तुझी सही हाय की," आप्पा म्हणाले. "तूच व्हय म्हनलीस, मंग आता काय? बंद ठेव काही दिस. माझ्या खोलीवर उगं बालंट नको."

सही माझीच होती. ठसठशीत, पूर्ण नाव. माझ्या हातचं खाताना लेकरांच्या आईबापाला आधी सावध करा, या वाक्याखाली माझ्याच हातची सही. दोरीवरच्या कापडांचं तर नावही नव्हतं त्या अहवालात. मी पुन्हा पुन्हा वाचलं. आप्पांनी शेवटी मोबाईल हातातून काढून घेतला.

मी खोली बंद ठेवली. चार दिवस. आप्पांनी सांगितलं म्हणून.

पाचव्या दिवशी सुनीताच्या खोलीवरून जात होते. बाहेरून कडी. आतून आवाज येत होता, रडण्याचा नव्हे, रडून झाल्यावर येतो तसा घरघरणारा. मी कडी काढली. गुड्डीच्या पायात ओढणी. दुसरं टोक शेगडीच्या ओट्याखालच्या पाइपाला. गाठ तीच, जशी मी मारायचे. ती मला बघून हसली आणि पाय पुढं केला. घोट्याभोवती लाल वळ होता. मी गाठ सोडत बसले. ती दातांनी सोडावी लागली.

सुनीता साडेतीनला आली. मला बघून दारातच बसली.

"ताई, ठेकेदार म्हनला, उद्या न्हाई आलीस तर परवा पन येऊ नको. काय करू मंग?"

मला तिच्यावर राग आला नाही. त्या दिवशी मात्र राग आला. पहिल्यांदा आला. मॅडमवर आला, साहेबांवर आला, पण सगळ्यात जास्त आला तो मंगल कार्यालयात खुर्चीवर बसून हसणाऱ्या बाईवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी खोली उघडली. आप्पांना सांगितलं, काढायचं तर सामान काढा, मी अंगणात बसेन. त्यांनी सामान काढलं नाही, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटची मिटिंग दौंडला झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. तसंच टेबल, तसंच रजिस्टर, तसेच पुडे.

"सही करा, बाई," टेबलावरचा माणूस म्हणाला.

"कशावर?"

"हजेरीवर. कशावर म्हणजे?"

"मंग वर लिहा, ही नुसती हजेरी हाय. संमती न्हाई."

"असं लिहायची पद्धत नाही."

"मंग सही करायची माझी पन पद्धत न्हाई."

माझ्या मागं सात बाया होत्या, सगळ्या माझ्यासारख्याच, एकेका खोलीत पोरं सांभाळणाऱ्या. रांग थांबली. साहेब बाहेर आले, त्यांच्या मागं मॅडम.

"हिला ओळखते मी," मॅडम म्हणाल्या. "काय अडचण आहे तुझी?"

"आधी मला तुम्ही म्हना. मंग सांगते."

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "बाई, वेळ घालवू नका."

"सामाजिक पार्श्वभूमी म्हंजी काय, ते इथं मोठ्यानं सांगा. जात म्हना की सरळ."

"असं कुठंही लिहिलेलं नाही."

"मंग माझं घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला हाय, ते कशाला इचारलं? आन् इचारल्यावर पानी का ठिवलं खाली?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "हिला बाहेर बसवा." मग दोघं आत गेले. मागच्या सातांपैकी चौघींनी माझ्याकडं न बघता सह्या केल्या आणि आत गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याही घरी पोरं थांबली होती. तिघी थांबल्या. दार लागलं.

आम्ही चौघींनी शाळेच्या पायरीवर बसून वहीच्या कागदावर लिहिलं. आधी मजकूर, मग सह्या. खोलीला दुसरं दार पाहिजे. पाणी तपासलेलं पाहिजे. कंपनीची कापडं अंगावर असताना लेकरू उचलायचं नाही, त्यासाठी कंपनीनं दारातच न्हाणीघर आणि बदलायची कापडं द्यावीत. सांभाळणाऱ्या बाईचं काम तपासा, रोज तपासा, पण तिची जात विचारणाऱ्याला समितीवरून काढा. कागद टेबलावर दिला आणि पोच मागितली. त्या माणसानं पोच दिली नाही. कागदावर त्यानं नाष्ट्याची परडी ठेवली. मी परडी उचलून खाली ठेवली, कागद काढून घेतला आणि पोस्टात जाऊन समितीच्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवला.

उत्तर आलेलं नाही. आत काय ठरलं तेही कुणी कळवलं नाही. नवे नियम लागू झाले की माझी खोली बंद करायला माणसं येतील, हे मला कळतं. मॅडम स्वतः येतील असं वाटत नाही, धाडतील कुणाला तरी. येऊ देत. मी सकाळी साडेसहाला दार उघडणार, पोरांना माझ्याच हातानं भरवणार. ज्यांना बंद करायचंय त्यांनी पोरं आत असताना यावं, एकेका लेकराला हाताला धरून रस्त्यावर काढावं आणि प्रत्येकाच्या आईला पाळी सुटल्यावर तोंडावर सांगावं, कशासाठी काढलं. पंचनामा लिहावा. त्यावर माझी सही मागतील. ती मिळणार नाही.