रोलर, मिक्सर आणि बहात्तरची थंडी

मशिनवर काम केलेल्या माणसाकडं किस्से साठतात ते थंडीतच. उन्हाळ्यात हँडल मारलं की इंजिन सुरू, आणि माणूस कामाला! थंडीत इंजिन रुसून बसतं, सगळे भोवती शेकोटी करून उभे राहतात. मग बोलण्याशिवाय करणार काय?

बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यात पाझर तलावाचं काम निघालं. मी तिथं स्टोअरकीपर. मूळचा शेवगावचा, नोकरी नवी. माळावर पत्र्याची शेड, तिच्यात एक डिझेल रोलर, एक काँक्रीट मिक्सर आणि एक पाण्याचा पंप. मेकॅनिक इस्माईलचाचा, रोलरचे ड्रायव्हर भाऊराव आणि वर ओव्हरसियर जोशीसाहेब. मातीकामावरच्या बायांची पुढारी होती पारूबाई. या माणसांनी मला जेवू घातलं, सांभाळलं, पोट धरून हसायला लावलं. त्यांची आठवण निघाली की हात आपोआप जोडले जातात.

* * *

थंडीत पंप गारठला की सकाळी हँडल मारून खांदे निखळायचे. म्हणून इस्माईलचाचांनी घरची गोधडी आणली आणि रोज संध्याकाळी इंजिनाला गुंडाळायला सुरुवात केली. घरात सांगितलं नव्हतं!

गोधडी शोधत चाची एक दिवस थेट शेडवर. पंपावर आपली गोधडी बघून म्हणाल्या, "मी घरात कुडकुडतीय, आन् हिला पांघरूण? हिलाच घरी न्या, मी चालले माहेरी!"

गोधडी घेऊन त्या तरातरा निघून गेल्या. आठवड्यानं चाची परत आल्या, काखेत जुन्या गोणपाटाची आणि लुगड्यांची नवी जाडजूड गोधडी. चाचांच्या अंगावर टाकून म्हणाल्या,

"ही घ्या, माझ्या सवतीसाठी!"

* * *

जोशीसाहेबांकडं रोलरचं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. त्यात लिहिलेलं, की थंडीत काम संपल्यावर रेडिएटरमधलं पाणी काढून टाका, नाहीतर गोठेल. साहेबांनी तसा हुकूम सोडला. पहिल्याच संध्याकाळी चाचांनी कॉक उघडला, तर वाफाळतं पाणी आलं. दिवसभर गार मातीत राबलेल्या बाया ते बघत उभ्या राहिल्या. पारूबाईनं पुढं होऊन खाली घमेलं धरलं. त्या पाण्यात एकेकीनं हात बुडवले, पाय धुतले. बधिर झालेली बोटं हलायला लागल्यावर एक म्हातारी नुसती हसली.

मग हे रोजचंच झालं. सकाळी टँकर आला की रेडिएटर पुन्हा भरायचा.

एकदा भाऊराव न राहवून म्हणाले, "साहेब, आपल्याकडं पाणी गोठत न्हाई. उगा रोज काढ-घाल कशाला?"

साहेबांनी शेडबाहेर बसून पाय धुणाऱ्या बायांकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"भाऊराव, पुस्तकात लिहिलंय ना? मग काढायचं!"

* * *

ग्रीसचा डबा भराभर संपायला लागला. स्टोअर माझ्या ताब्यात, त्यामुळं घाम मलाच फुटला! साहेब आणि मी दबा धरून बसलो, तर दुपारच्या सुट्टीत चार-पाच बाया डब्याभोवती गोल करून बसलेल्या. फुटलेल्या टाचांत ग्रीस भरत होत्या. काहींच्या भेगांतून रक्त येत होतं.

मला वाटलं, साहेब आता कडाडणार. ते पाय न वाजवता माघारी फिरले. सोमवारी नगरहून येताना पिशवी भरून कोकम तेलाचे गोळे घेऊन आले. "हे लावा. ग्रीस मशिनसाठी असतं."

काही दिवसांनी त्यांनी पारूबाईला विचारलं, "काय, गुण आला का?"

"लई गुण आला बगा," पारूबाई म्हणाली. "घरधनी बी खूश हाय. म्हनतो, आता कुठं बायकू घरात आल्यावानी वाटतंय. आदुगर ग्रीसच्या वासानं रोलरच आत आल्यागत वाटायचं!"

* * *

एका सकाळी भाऊराव रोलरला हँडल मारून दमले. रोलर ढिम्म. तेवढ्यात मफलर गुंडाळलेला, फक्त डोळे दिसणारा एक धिप्पाड माणूस शेकोटीपाशी येऊन हात शेकायला लागला.

भाऊराव ओरडले, "आरं ए पैलवान! शेकत काय बसलायस? ये हिकडं, मार हँडल!"

माणूस निमूट आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हँडल मारलं आणि रोलर धडधडायला लागला. भाऊरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माणसानं घाम पुसायला मफलर सोडला आणि जोशीसाहेब शेडमधून धावतच आले, "सर, आपण?" नगरचे मोठे इंजिनिअर! अचानक तपासणीला आलेले!

भाऊराव पांढरेफटक पडले. मोठे साहेब हात चोळत हसले. "बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला काम सांगितलं. बरं वाटलं."

ते हसताना बघून भाऊरावांच्या जिवात जीव आला.

"मग साहेब, उद्या किती वाजता येताय?"

* * *

सगुणा आमच्या कामावरची बाई, दिवस भरत आलेले. नवरा बैल घेऊन चारा छावणीत. एका कडाक्याच्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या. पारूबाईनं आजवर कित्येक बाळंतपणं केलेली, पण तिनं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. "प्वार आडवं हाय. माज्या हातचं न्हाई ह्ये. नगरला न्या!"

ट्रक डिझेल आणायला गेलेला. बैलगाडी होती, बैल छावणीत. डांबरी रस्त्यापर्यंत मोठा चढ, माणसांच्यानं गाडी ओढवेना.

"रोलरला बांधा!" जोशीसाहेब म्हणाले.

पण रोलर थंडगार. भाऊराव हँडल मारून मारून रडकुंडीला आले. तेव्हा बायांनी आपापल्या चुलीतले निखारे घमेल्यांत भरून आणले. चाचांनी ते इंजिनाखाली सरकवले, कापडाचा बोळा पेटवून इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. भाऊरावांनी जीव खाऊन हँडल फिरवलं. धड... धड... धडधड!

पुढं दगड बाजूला करत जोशीसाहेब, मागं रोलर, त्याच्यामागं बिनबैलाची गाडी. गाडीत गोधड्यांवर सगुणा, तिचा हात धरून पारूबाई. सगुणा ओरडली की भाऊराव रोलरवर थापा मारायचे, "आरं पळ की बाबा, आजच्या दिस तरी पळ!"

फाट्यावर पोचलो तर समोरून नगरला जाणारी एस.टी. सुसाट येताना दिसली. थांबेल, न थांबेल! भाऊरावांनी सरळ रोलर रस्त्यात आडवा घातला.

कंडक्टर तणतणत उतरला, "रस्ता काय तुमच्या बापाचा..." आणि गाडीतल्या सगुणाला बघून त्यानं एस.टी.चं दार सताड उघडलं. चौघांनी उचलून तिला आत घेतलं. कंडक्टरनं मऊ आवाजात विचारलं, "किती जणी?"

पारूबाई म्हणाली, "आत्ता दोगी हाओत. नगर येईस्तवर सांगता येत न्हाई!"

त्यानं तिकीट फाडलंच नाही. "डायव्हर, मधे कुठं थांबायचं न्हाई! सरळ दवाखाना!"

पुढं काही दिवस कसलाच निरोप नाही. एक दिवस आम्ही फाट्यावर कामाच्या रस्त्याचा मुरूम दाबत होतो. भाऊराव रोलरवर होते, पण लक्ष सगळं रस्त्याकडं. एस.टी. आली आणि कुणी हात न करता करकचून थांबली. आधी पारूबाई उतरली, मग तिच्या आधारानं सगुणा. सगळ्यात शेवटी कंडक्टर, आपल्या खाकी स्वेटरमध्ये गुंडाळलेली पोरगी छातीशी धरून. भाऊराव रोलरवरून उतरायला लागले, तसा तो तिथूनच ओरडला,

"रोलरवाले, आज आडवा घालू नका हां! मी आपनहून थांबलोय!"