त्या दुपारी रोहनपाशी बसलेली मी

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतेय. वाचून झाले की मनात म्हणते, काहीतरी साधं कारण असणार, यांनी नीट शोधलं नाही. मी शाळेत सायन्स शिकवते, त्यामुळे स्वभावच तसा झालाय. आम्ही कॅथलिक. रविवारची मिस्सा, संध्याकाळी घरात जपमाळ, हे सगळं मी मनापासून करते. पण दर्शन, चमत्कार, असल्या गोष्टींशी माझं कधी जमलं नाही. चर्चमधल्या बायका कुणाला मरियामाता दिसली म्हणून सांगायला लागल्या की मी हळूच चपला शोधायला लागते. आणि आता मीच लिहायला बसलेय... इथं लोक भीतीचे अनुभव लिहितात. मला त्या गोष्टीची भीती तितकी वाटत नाही, लाज वाटते. म्हणून नाव देत नाही, आणि खालची नावंही बदललेली आहेत.

माझं माहेर श्रीरामपूरकडचं. आमचे हे इथल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर, म्हणून लग्न होऊन कडेगाव भागात आले. गावात कॅथलिक घर आमचं एकटंच. चर्च सांगलीला. एकुलता एक मुलगा रोहन, तोही सांगलीतच कॉलेजला, रूम घेऊन राहायचा.

मागच्या दिवाळीनंतर त्याला ताप आला. साधा व्हायरल म्हणून गोळ्या घेतल्या. मग उलट्या, मग बरळायला लागला. मित्रांनी मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा त्याची शुद्ध गेलेली होती. मेंदूला सूज, असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू केली आणि सांगितलं, आता वाट बघायची.

आयसीयूच्या बाहेर एक लांबट हॉल होता. तिथंच नातेवाइकांच्या चटया, पिशव्या, डबे. माझ्या शेजारी शमीम होती, उंब्रजची. तिच्या नवऱ्याचं गाद्या-उशांचं दुकान. तिची मुलगी नगमा, रोहनएवढीच, त्याच्या शेजारच्या बेडवर. मध्ये फक्त हिरवा पडदा. नगमाच्या किडन्यांचं दुखणं जुनं होतं, त्यात इन्फेक्शन होऊन ताप हटत नव्हता.

पहिल्या दिवशी मी जपमाळ पर्समध्येच ठेवून आत बोटं फिरवत होते. इतक्या लोकांत काढायला संकोच वाटायचा. शमीमच्या ते लक्षात आलं.

"काढा की भाईर मॅडम. आमच्यात बी तसबी असती," ती म्हणाली. "तुमी तुमच्याकडं फोन लावा, मी माझ्याकडं लावते. कुटं तरी लागंल."

मग आम्ही दोघी शेजारी शेजारी मणी सरकवत बसायला लागलो. ती मला भाकरी द्यायची, मी तिला चहा आणायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. मनाची तयारी ठेवा." दुपारी चारला भेटायची वेळ असायची. पेशंटमागे एकच माणूस, गाउन, मास्क आणि टोपी घालून. आत जायची पाळी माझी होती. हे औषधं आणायला गेले होते.

मी जपमाळ काढली. 'नमो मारिया' म्हणायला लागले आणि दोन शब्दांच्या पुढं जाईना. विसरले नव्हते. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं, विसरेन कशी? पण तोंडात भुसा भरल्यासारखं झालं. त्याचा तो सुजलेला चेहरा, नळ्या... मला ते परत बघायचं नव्हतं. शमीमला म्हणाले, "खाली जाऊन येते." खाली गेले, रस्त्यावर आले, समोर सिटी बस उभी होती. चढले.

सांगलीत उतरले आणि चालत कृष्णेच्या घाटावर गेले. वाटेत भडंग घेतलं. हो, भडंग. वर कांदा-कोथिंबीर घालून. पायऱ्यांवर बसून मी ते सगळं खाल्लं, कागद झटकून शेवटचे शेंगदाणेसुद्धा. एकदाही प्रार्थना केली नाही. आणि खरं सांगायचं तर... मला बरं वाटलं. उन्हं उतरत होती, पोरं पाण्यात सूर मारत होती, आणि तेवढा वेळ मी कुणाची आई नव्हते. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्या कडेवर बाळ होतं. "मॅडम, तुम्ही इकडं कुठं?" म्हणाली. "सहजच," म्हणाले मी. सहजच!

ती गेल्यावर एकदम जाग आल्यासारखं झालं. फोन सायलेंटवर होता, बघायचा धीर झाला नाही. रिक्षा केली आणि मिरजेपर्यंत रडत आले.

हॉलमध्ये शिरले तर हे भिंतीला टेकून रडत होते. मला वाटलं, संपलं.

हे धावत आले. "अगं, आता कशाला रडतेस? उघडले की डोळे त्यानं!"

"कधी?"

"कधी काय? तूच तर होतीस आत."

मला वाटलं, आनंदात काहीतरी बोलताहेत. तेवढ्यात नर्स बाहेर आली. हसून म्हणाली, "मॅडम, वेळ संपली होती तरी मी तुम्हाला उठवलं नाही. म्हटलं बसू दे." आणि शमीम... तिनं माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले.

"आवं मॅडम, तुमी जाता जाता पडद्याच्या अलीकडं आला, माझ्या पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मी तितंच बसलेली की. थोड्या वेळानं बघती तर अंग गार! लय दिवसांनी गार लागलं ओ."

"शमीम, मी नव्हते आत. मी सांगलीला गेले होते."

तिघंही माझ्याकडं बघून हसली. जागरणानं माझं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटलं असणार.

आता इथं वाचणारे जे म्हणतील तेच मीही म्हटलं. गाउन, मास्क, टोपी, नुसते डोळे दिसतात. दुसरी कुणीतरी बाई चुकून त्याच्यापाशी बसली असेल. किंवा चर्चमधून कुणी आलं असेल. मी फादरना विचारलं, प्रार्थना ग्रुपच्या बायकांना विचारलं, कॉन्व्हेंटमध्ये फोन केला. त्या दिवशी कुणीही आलं नव्हतं.

पण ह्यांचं काय करू? हे काचेतून बघत उभे होते. म्हणाले, "तू अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढलास. मग लहानपणी झोपवताना चोळायचीस तसा त्याचा कान चोळत बसलीस. मी हात केला, तू वर बघितलंच नाहीस." कान चोळायची ती सवय माझी. घराबाहेरच्या कुणाला ती माहीत असायचं कारण नाही. मी घाटाचं सांगितलं तेव्हा हे चिडले. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मी माझी बायको ओळखणार नाही?"

एकदा मलाच शंका आली, की मी खरोखर सांगलीला गेले होते ना? म्हणून त्या विद्यार्थिनीला फोन केला. "हो मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही भडंग खात होता. बाळाला एक शेंगदाणा द्यायला लागलात, मी नको म्हणाले."

हॉस्पिटलच्या दारावर कॅमेरा होता. मी रेकॉर्डिंग मागू शकले असते. मागितलं नाही. त्यात परकी बाई दिसली असती तर प्रश्न मिटला असता. पण मीच दिसले असते तर? एरवी पुरावा मागणारी मी, तेवढ्यापुरती गप्प बसले.

डॉक्टरांच्या मते औषधानं गुण आला. मलाही तेच पटतं. रोहन घरी आला, चालायला लागला. एके दिवशी त्याला भात कालवून देत होते, तेव्हा सहज विचारलं, "बेशुद्धीतलं काही आठवतं का रे?"

"तू बोलत होतीस. थांबतच नव्हतीस."

"काय बोलत होते?"

"तेच तेच. 'मी इथंच आहे रे, कुठंसुद्धा जात नाही.'" तो हसला. "शेवटी म्हटलं, बरं बाई, उघडतो डोळे."

मी ताट तसंच ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतर जे झालं त्याची लाज जास्त. चर्चमध्ये सगळ्यांना कळलं. ह्यांनीच कौतुकानं सांगितलं. बायका माझा हात हातात घेऊन सोडेनात. "तुझी श्रद्धा गं! आईची श्रद्धा!" नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या दिवशी मला साक्ष द्यायला पुढं बोलावलं. माइकसमोर उभी राहिले आणि वाटलं, सांगून टाकावं, तेव्हा मी भडंग खात होते. समोर पहिल्याच बाकावर हे आणि रोहन. "देवाचे आभार," इतकंच म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, किती नम्र बाई!

शेवटी फादरजवळ पापनिवेदनात बोलले. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवाची माता सगळ्यांचीच आई आहे. तुमच्या जागी ती बसली असेल, असं समजा ना."

"पण फादर, माझं रूप कशाला? तिचं तिनं यायचं होतं. लोक माझे आभार मानतात."



उन्हाळ्यात शमीमचा फोन आला. नगमाचं परत बिघडलं होतं. डायलिसिस चालू, ताप जात नाही, डॉक्टरांनी दोन दिवस घरी सोडलंय.

"मॅडम, एकडाव येऊन जावा की. तवा ठेवला तसा नुसता हात ठेवा. दुसरं काय मागत न्हाई मी."

मी कारणं सांगायला लागले. पेपर तपासायचेत, रोहनचं पथ्य... हे शेजारी बसून ऐकत होते. "जायलाच पाहिजे," म्हणाले. "पोटच्या पोरीसाठी बोलावतेय ती." शेवटी दोघं कराडवरून उंब्रजला गेलो.

खाली दुकान, वर घर. हे शमीमच्या नवऱ्यापाशी दुकानातच बसले, मी वर गेले. नगमा खिडकीशी पडली होती. चेहरा फुगलेला, डोळे मिटलेले. शमीमनं तिचे केस विंचरून ओढणी नीट केली होती, पाहुणा येणार म्हणून करतात तसं. कॉटपाशी माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती.

मी बसले. या वेळी तरी मनापासून करायचं, असं ठरवून आले होते. नगमाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं. 'नमो मारिया' म्हटलं, सगळं म्हटलं, कुठं अडखळले नाही. परत म्हटलं. शमीम पायथ्याशी ओंजळ पसरून उभी होती, डोळे माझ्या हातावर.

नगमानं डोळे उघडले. माझ्याकडं नीट बघितलं. मग मान आईकडं वळवून हळूच म्हणाली, "अम्मी, ये वो नहीं हैं."

शमीम एकदम कानकोंडी झाली. "आवं तापात बडबडती ती! मनाला लावून घिऊ नका मॅडम. बसा, च्या ठेवते."

"शमीम, थांब," मी म्हणाले. "ती बरोबर बोलतेय. मी तेव्हाही सांगितलं होतं तुला. त्या दिवशी मी आत नव्हते. घाबरून सांगलीला पळून गेले होते. आत कोण होतं, मला माहीत नाही."

हात अजून नगमाच्या कपाळावरच होता. काढावा की ठेवावा, कळेना. मला वाटलं, शमीम आता चिडेल, रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दवाखान्यात आपला डॉक्टर सुट्टीवर आहे असं कळलं की माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती.

नगमा अजून आहे. आठवड्यातून दोनदा मशीनवर जाते, बरी-वाईट असते. मी अधूनमधून फोन करते, शमीम नेहमीसारखीच बोलते. पण मला परत या म्हणून तिनं कधी म्हटलेलं नाही. रोहनशेजारी कोण बसलं होतं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. मला मात्र त्याहूनही शमीमचा प्रश्न सुटत नाही. त्या दिवशी उंब्रजला, चहाचं पातेलं हातात धरून, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं होतं—

"मग मॅडम, त्या दुसऱ्या बाईंना कुटं गाठायचं?"