लिंगूबाबाचा सरळ धुरा

पांढरकवड्याहून सुटलेल्या बसने पैनगंगेचा पूल ओलांडला आणि दुकानांच्या पाट्या मला वाचता येईनाशा झाल्या. शेतं मात्र तीच होती: वेचून झालेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटं, मधूनच फुललेला पळस. शेजारचा प्रवासी फोनवर तेलुगूत बोलत होता, पण कंडक्टरशी भांडला तो थेट आपल्या भाषेत.

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक. तीस वर्षं लोकांच्या शेतांना साखळी लावली. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात. मी निघालो आदिलाबादपलीकडे बोथला, साडूकडे. तो तिथल्या मराठी शाळेत शिक्षक. ‘जंगलातल्या जमिनींची मोजणी चालू आहे, बघायला या’ असा त्याने निरोप धाडला आणि मला राहवलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

आदिलाबादच्या स्टँडवर मी चुकीच्या बसमध्ये बसलो. ती उटनूरची निघाली. गुडीहतनूरच्या फाट्यावर कंडक्टरने मला उतरवलं. “आधी इचारलं काऊन नाही बाबा?” तो म्हणाला. तीस वर्षं लोकांना त्यांच्या हद्दी दाखवणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं? तासभर उन्हात उभा राहिलो, तेव्हा पुढची गाडी मिळाली.

बोथला साडूने, म्हणजे वाघमारे गुरुजींनी, जेवताना सगळं समजावलं. मेव्हणीने भाकरीबरोबर गोंगुऱ्याचं (म्हणजे आपल्या अंबाडीचं) आंबट वरण केलं होतं. नव्या वनहक्क कायद्याने एक तारीख ठरवून दिली होती. त्या तारखेच्या आधीपासून जंगलातली जमीन जो आदिवासी कसत असेल, त्याला पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, मिळणार. पण या जमिनींची नोंद पहाणीत (इकडचा सातबारा) कधी झालेलीच नाही. मग जुनी वहिवाट दाखवायची कशी? जुना धुरा (शेताच्या हद्दीचा बांध), विहीर, पुरलेल्या माणसांचे दगड, म्हाताऱ्यांची साक्ष, असे पुरावे चालतात.

“उद्या लिंगू टेकामच्या शेतावर मोजणी हाय,” गुरुजी म्हणाले. “कोलाम मानूस. तीन पिढ्यांपासून वाहून राह्यले ते शेत. जंगलातवाले (वनखात्याची माणसं) दोनदा उठवून गेले. आता पट्टा नाही भेटला तर तिसऱ्यांदा उठवतीन.”

सकाळी गुरुजींच्या मोटारसायकलवर मागे बसून निघालो. डांबर संपलं, मग मुरूम संपला, शेवटी गाडी एका मोहाखाली ठेवून पायी चाललो. मोहाची फुलं टपटप पडत होती आणि बायका ती टोपल्यांत वेचत होत्या. कोलामांचा गुडा (वस्ती) पंधरा-वीस घरांचा. कुडाच्या भिंती नुकत्या सारवलेल्या. लिंगूबाबा सत्तरीचा, काटक, डोक्याला पांढरं फडकं. त्याने आम्हांला कोरा चहा दिला आणि जरा घाईनेच शेताकडे नेलं. काही दाखवायचं असलं की माणूस असा चालतो.

शेत आलं आणि मी सवयीने आधी धुरा पाहिला.

धुऱ्यावरचा एकेक दगड पांढराशुभ्र होता. सगळे एका ओळीत, सूत धरल्यासारखे. चुन्याचे ओघळ अजून ओले.

“गुरुजी म्हनले व्हते, दगड साहेबाला दिसले पायजे,” लिंगूबाबा अभिमानाने म्हणाला. “सुनांनी नाल्यावर नेऊन घासले. धुरा वाकडातिकडा व्हता, तो मी सरळ केला. वाकडं मोजाचं तर साहेबाला तरास.”

गुरुजींनी कपाळावर हात मारला. पाहुणा यायचा म्हणून अंगण सारवावं, तसा म्हाताऱ्याने आपला पुरावा धुऊन काढला होता. दगडाचं वय त्याच्या अंगावरच्या शेवाळात असतं, बुडाशी धरलेल्या मातीत असतं. आमच्या खात्यात धुऱ्याचा दगड हलवणं पाप. पण इथे पाप कोणाचं म्हणायचं?

दहाच्या सुमारास गिरदावर (महसूल निरीक्षक) आला. त्याच्याबरोबर वनखात्याचा अधिकारी होता. शांत, मध्यमवयीन, तेलुगू माणूस. त्याने दगडाला बोट लावलं आणि चुना बोटाला लागला.

“बाबा, ये पत्थर कब लगाए?”

“कालच लावले साहेब,” लिंगूबाबा म्हणाला.

खोटं बोलायचं त्याला सुचलंही नसावं. अधिकाऱ्याने गिरदावराकडे पाहिलं, गिरदावराने वही उघडली. ‘नवीन अतिक्रमण’ एवढं लिहिलं की म्हातारा उठलाच. मी पाहुणा, दुसऱ्या राज्यातला, त्यात पेन्शनर. मला तोंड उघडायचा काही हक्क नव्हता. तरी उघडलं.

“साहेब, दगड उपटले असतील, पण खड्डे कुठे जातात? जुन्या जागा बघा.”

आम्ही सगळे धुऱ्याच्या आतबाहेर शोधत फिरलो. पूर्वेच्या कोपऱ्यात जुना धुरा बाहेर वळून एका मोठ्या मोहाला वेढा घालून येत होता. तिथे एका पळसाजवळ रिकामा खड्डा सापडला. पळसाची मुळं त्याच्या कडेने वाकून, दगडाचा आकार धरून वाढलेली. गिरदावराने पांढऱ्या दगडांतला त्या मापाचा एक उचलून आणवला. तो खड्ड्यात बसवला, तर चपखल बसला. वनअधिकारी उकिडवा बसून कितीतरी वेळ मुळं पाहत होता. दगड खोटं बोलेल, कागद बोलेल, पण झाडांबाबत या माणसाला कोण फसवणार? “बहोत पुराना है,” तो म्हणाला. मला, खरं सांगतो, कुठल्याही सरकारी मोजणीत झाला नाही एवढा आनंद झाला.

पण गिरदावराचा पेच उरला होताच. दाव्याला जोडलेल्या कच्च्या नकाशात हद्द सरळच काढलेली होती; जुना धुरा धरला तर तो नकाशा बदलणार. मग सगळी फाईल परत ग्रामसभेकडे, आणि पुढची मोजणी केव्हा ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आजचे पांढरे दगड हद्द मानले तर पंचनामा आत्ता पुरा. फक्त तो पूर्वेचा बाक बाहेर राहणार, जंगलाकडे.

गुरुजींनी हे कोलामीत समजावलं. लिंगूबाबा मोहाकडे पाहत राहिला. झाडाखाली एक उभा दगड होता, शेंदूर लावलेला. तेवढा एकच त्याने घासला नव्हता.

“तिथं माहा बाप हाय,” तो म्हणाला.

मग त्याने अंगठा पुढे केला. गिरदावराने शाई लावली. अंगठा उठल्यावर म्हाताऱ्याने वनअधिकाऱ्याला विचारलं, “नव्याच्या सणाला पैलं धान बापाला दावावं लागते. आता तुमाले इचारून यावं लागन का?”

“आओ ना बाबा, कौन रोकता है?”

“तुमी नाही रोकनार,” लिंगूबाबा म्हणाला. “पन तुमची बदली झाली तर?”

अधिकाऱ्याने टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. घरी सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलं? कुंतलाचा धबधबा पाहिला, असं सांगितलं. पाहिलाही होता, वाटेवर, तासभर. पण मनात तो अंगठाच घोळत होता. मी बोललो नसतो तर म्हाताऱ्याची जमीन गेली असती, हे खरं. मी बोललो म्हणून तिची किंमत त्याच्या बापाने भरली, हेही खरंच.

पावसाळा सरल्यावर गुरुजींचा फोन आला. लिंगूबाबाचा पट्टा आला होता, त्याच्या आणि म्हातारीच्या जोड नावाने, फोटोसकट. नव्याचा सणही झाला होता.

“बापाकडं गेला होता का?” मी विचारलं.

“गेला ना. पन आधी दोन कोस चालत जंगलातवाल्याच्या चौकीवर गेला, इचाराले. चौकीला कुलूप व्हतं. दिवसभर बसला, वापस आला, दुसऱ्या दिवशी पुना चौकीवर गेला, मंग बापाकडं. मी म्हनलं, बाबा, आजवर कदी इचारलं नाही, मंग आताच काऊन? तर म्हने, आता बाप पट्ट्याच्या भायेर हाय. आजवर माह्यापाशी पट्टा कुठं व्हता?”